स्वल्पविरामाची नोंद



बारामतीहून इंदापूरकडे निघालं की वाटेवर आमचं पिंपळी गाव लागतं. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी याच रस्त्यानं काटेवाडी, सणसरकडे जाते आणि दिवाळी सरली की याच रस्त्यावर उसाच्या गाड्या धावू लागतात. पालखी कुठं किती वेळ विसावणार याचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येतं. गावोगावचे लोक घड्याळ बघून पाण्याच्या घागरी भरून ठेवतात. ट्रक कुठं थांबला, किती वेळ थांबला आणि कशासाठी थांबला, हे मात्र बहुतेक वेळा त्या ड्रायव्हरच्या डोक्यातच राहतं, आणि दोन दिवसांनी तिथूनही पुसलं जातं.

आज मला बोलायचं आहे ते या थांब्यांविषयी. मुक्कामाविषयी नव्हे, जेवणाच्या ढाब्याविषयीही नव्हे. पाच मिनिटं, आठ मिनिटं, बारा मिनिटं असे जे बारके थांबे असतात, ते ड्रायव्हरच्या लॉगबुकात नीट लिहिले जावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही म्हणाल, हा कवी, याला ट्रकच्या वहीचं काय पडलंय? पण कवीचा निम्मा जन्म थांबे मोजण्यातच जातो. वृत्तातली यती चुकली की ओळ लंगडते. जुन्या हस्तलिखितांत वाक्यं सलग धावत असत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या साहेबानं मराठीत विरामचिन्हांचा पाठपुरावा केला, तेव्हा कुठं आपल्याला स्वल्पविराम मिळाला. स्वल्प विराम, म्हणजे थोडकं थांबणं. तो नसला तर वाक्याचा अर्थ कुणीही आपल्या सोयीनं लावतो. ट्रकच्या खेपेचंही तसंच होतं.

आधी हे थांबे कसले असतात ते बघू. माल भरून गाडी निघाली की थोडं अंतर गेल्यावर माल बसतो आणि दोर सैल पडतो. मग कडेला घेऊन दोर पुन्हा आवळावा लागतो, ताडपत्रीचं टोक ओढून बांधावं लागतं. उतारावरून आलं की ब्रेक तापलेत का हे बघायचं. टॉमी घेऊन सगळ्या टायरवर एकेक ठोका द्यायचा. ज्याची हवा कमी आहे त्याचा आवाज बद्द येतो, अनुभवी कानाला तो लगेच कळतो. वजनकाट्यावर उभं राहायचं. कुणी हात दाखवला की कागद घेऊन खाली उतरायचं. शिवाय माणूस आहे म्हटल्यावर त्याला लघवीला जायचं असतं, चहा प्यायचा असतं, तोंडावर पाणी मारायचं असतं, घरून फोन आला तर बोलायचं असतं. सूर्य बुडाला की मगरिबच्या नमाजाला फार वेळ हातात नसतो. केबिनमागची चटई काढून दहा मिनिटांत नमाज उरकून मामू परत स्टिअरिंगवर बसतो. त्याचा जोडीदार घाटाच्या तोंडाशी म्हसोबाला नारळ फोडतो. तोही पाच मिनिटांचाच मामला.

आता गंमत बघा. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे थांबे सारखेच दिसतात. गाडी उभी आहे, एवढंच दिसतं. पण यात तीन निरनिराळ्या जाती आहेत. दोर आवळणं, टायर बघणं, काट्यावर उभं राहणं हे काम आहे. चहा, नमाज, पाठ टेकणं हा आराम आहे. आणि रस्त्यात अडवून ठेवणं, फाटक पडणं, पुढं अपघात झाल्यानं खोळंबा होणं, हे ना काम ना आराम, ही अडवणूक आहे. ज्या वहीत या तिन्हींसाठी 'थांबलो' असा एकच शब्द येतो, त्या वहीचा ड्रायव्हरला उपयोग नाही. मालकालाही नाही.

आपल्याकडे वही नसतेच असं नाही. सरकारी जीपला लॉगबुक असतं. एस.टी.च्या ड्रायव्हरकडे लॉगशीट असतं. खासगी ट्रकच्या केबिनमध्येही वही असतेच, पण ती खर्चाची. डिझेल किती भरलं, टोल किती गेला, पंक्चरचे किती, हमालीचे किती, भत्ता किती उचलला. रुपयाचा हिशेब अगदी चोख, मिनिटाचा हिशेब शून्य. रुपया मालकाचा असतो म्हणून तो लिहिला जातो. मिनिटं ड्रायव्हरची असतात, ती कुणी लिहायची?

कायद्यानं या मिनिटांकडे पाहिलं नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन काही जास्त. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची. सगळं धरून कामाचा पसारा दिवसाच्या बारा तासांच्या आत बसवायचा. हे आकडे पुष्कळांना ठाऊक असतात. मला त्या कायद्यात जास्त भावली ती व्याख्या. 'कामाचे तास' म्हणजे काय, हे सांगताना कायदा म्हणतो की माणूस मालकाच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ. त्यात गाडी चालती असतानाचं काम आलं, जोडीची कामं आली, आणि अखेरच्या ठिकाणी नुसतं हजर राहण्यात गेलेला पंधरा मिनिटांपेक्षा कमी असलेला वेळही आला. म्हणजे डेपोत दहा मिनिटं नुसता उभा असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं कामावरच होता. जोडीच्या कामांत माल चढवणं-उतरवणं, गाडीची देखभाल, हिशेब, इतकंच काय, रजिस्टरवर सही करणंही धरलेलं आहे. म्हणजे लॉगबुक लिहिणं हेसुद्धा कामच!

आणि गाडी मध्ये थांबली तर तो वेळ कामातून वगळायचा की नाही, याची कसोटीही तिथं होती. थांबा ठरलेल्या मुदतीपेक्षा मोठा हवा, आणि एकतर त्या वेळात माणूस आपला वेळ आपल्या मर्जीनं घालवायला मोकळा हवा, नाहीतर तो जोडीच्या कामात हवा. हे दुसरं काम वेगळं मोजलं जातंच. मर्जीनं वेळ घालवायला मोकळा. मला वाटतं, आरामाची याहून साधी व्याख्या कुणा कवीनंही केली नसेल.

पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यांना हा कायदा सरळ लागू होत नव्हता आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मात्र माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या कोणत्याही गाडीवर काम करणाऱ्याला हेच तास लावले, आणि ते आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला सांगण्याचा अधिकार राज्याला दिला. पुढं १९६१ चा कायदा २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. त्याआधी २०२१ साली केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरले पाहिजेत असं बोलून दाखवलं होतं. तास ठरतील. पण तास मिनिटांचेच बनतात, आणि मिनिटं कुणीतरी लिहावी लागतात.

युरोपात हे काम यंत्र करतं. तिथल्या ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं उपकरण असतं. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची. ती एकदम घ्या नाहीतर दोन तुकड्यांत घ्या: पहिला तुकडा किमान पंधरा मिनिटांचा आणि दुसरा किमान तीस मिनिटांचा, याच क्रमानं. पंधरापेक्षा कमी थांबलात तर ती विश्रांती म्हणून धरलीच जात नाही. आपल्याकडचा ड्रायव्हर म्हणतो, 'तीन वेळा चहाला थांबलो की झाली की अर्धा तास विश्रांती!' नाही होत. दहा-दहा मिनिटांच्या तीन चहांनी पाठीचा कणा सरळ होत नाही, डोळ्यावरची झापड उतरत नाही.

पण त्या यंत्राचीही एक फजिती झाली होती. डिजिटल टॅकोग्राफ आला तेव्हा एखाद्या मिनिटात गाडी काही सेकंद जरी हलली तरी ते अख्खं मिनिट 'गाडी चालवली' म्हणून लिहिलं जाई. दारोदार माल उतरवत जाणारा, दर थोड्या वेळानं थांबणारा जो ड्रायव्हर असे, त्याच्या नावावर न चालवलेली मिनिटं साचत. शेवटी २०११ पासून नियम बदलला. त्या मिनिटात जे काम सर्वांत जास्त वेळ चाललं, ते त्या मिनिटाचं काम धरायचं. एका मिनिटाच्या वाटणीसाठी सगळ्या युरोपनं कायद्यात दुरुस्ती केली! आपण तर अख्खे बारा-बारा मिनिटांचे थांबे वाऱ्यावर सोडतो.

'आता जीपीएस आहे की,' असं एक ट्रकमालक मला म्हणाले. 'गाडी कुठं उभी राहिली ते मला घरबसल्या कळतं. वही कशाला?' आहे ना. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा झाला, टोलनाका ओलांडला की मिनिटासकट मेसेज येतो. पण यंत्राला एवढंच कळतं की गाडी थांबली. का थांबली ते त्याला कळत नाही. आणि जिथं 'का' लिहिलेलं नसतं, तिथं संशय येऊन बसतो.

आमच्या भागातल्या एका तरुण ड्रायव्हरची गोष्ट सांगतो. सोलापूरकडून खेप करून आला. मालकानं मोबाइलवरचा नकाशा पुढं धरला. रात्रीच्या वेळी चार ठिकाणी गाडी उभी. 'डिझेल कुठं विकलंस?' रात्री महामार्गाच्या कडेला थांबलेल्या गाडीबद्दल पहिला संशय हाच असतो, आणि तो नेहमीच खोटा असतो असंही नाही. पण या पोराला सवय होती खिशात छोटी डायरी ठेवायची. तीत दोन थांबे होते. 'टेंभुर्णीच्या अलीकडे, १.४०, मागचा उजवा आतला टायर, ११ मि.' आणि पुढं, 'भिगवण, ३.०५, चहा, तोंड धुतलं, ९ मि.' टायरवाल्याची पावती वहीत टाचलेली. चहावाल्याला मालकानंच फोन लावून विचारलं. ते दोन थांबे सुटले. उरलेले दोन त्यानं लिहिलेच नव्हते. एकदा पोट बिघडलं होतं, एकदा घरून फोन आला होता. त्याला कशाला लिहायचं, असं वाटलं. त्या दोन थांब्यांचे पैसे कापले गेले. माझ्याकडे येऊन म्हणाला, 'चाचा, लिहिलेलं खरं आणि न लिहिलेलं खोटं, असं असतं का?' मी त्याला म्हटलं, बेटा, जगात तसं नसतं, पण हिशेबात तसंच असतं.

हिशेबाच्या पलीकडे कोर्टकचेरी असते. तिथं काय होतं ते सांगण्यासाठी मला जरा समुद्रावर जावं लागेल. लॉगबुक हा शब्दच तिथला आहे. लॉग म्हणजे लाकडाचा ठोकळा. पूर्वी जहाजावरचे लोक गाठी मारलेल्या दोरीला ठोकळा बांधून पाण्यात टाकत, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या त्यावरून वेग काढत आणि तो वहीत मांडत. म्हणून ती लॉगबुक.

१९६१ च्या डिसेंबरात 'द्वारका' नावाच्या जहाजावरचा एक खलाशी इराणच्या आखातात नाहीसा झाला. जहाजाच्या लॉगबुकात नोंदी होत्या. रात्री अडीचच्या सुमारास तो ब्रिजजवळ दिसला, त्याला परत पाठवलं. तीन वाजता तो दुसऱ्या डेकवर दिसला, ड्यूटीवरच्या खलाशाला म्हणाला, झोपायला जातो. सव्वासहाला तो जहाजावर नव्हता. आधीच्या दिवसांत छातीत दुखतं, झोप येत नाही, असं त्यानं सांगितल्याचीही नोंद जहाजाच्या दवाखान्याच्या वहीत होती. त्याच्या बापानं नुकसानभरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयानं ती दिली. पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मृत्यू कामाच्या ओघात झालेल्या अपघातानं झाला, असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीनं ते ठीकच असेल. मी मात्र तो निकाल वाचला तेव्हा माझं बोट तीन आणि सव्वासहा यांच्यामध्ये अडकून पडलं. सव्वातीन तास. त्यातलं एकही मिनिट कुणी लिहिलेलं नाही.

याच्या उलट २०१२ चा एक निकाल आहे, तोही सर्वोच्च न्यायालयाचा. २००२ साली एक ड्रायव्हर दिल्लीहून ट्रक घेऊन झारखंडातल्या निमियाघाटकडे निघाला होता. अंतर अकराशे किलोमीटरच्या वर. निमियाघाटजवळ त्याला बरं वाटेना. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला, एका हॉटेलजवळ नीट लावली आणि तो कोसळला. डॉक्टरकडे नेलं तेव्हा संपलेला होता. प्रश्न असा, की गाडी तर उभी होती, टक्कर झाली नव्हती, मग हा कामावरचा अपघात कसा? न्यायालयानं म्हटलं की एवढ्या लांबच्या, एवढ्या जड गाडीच्या श्रमाचा आणि या मृत्यूचा संबंध आहे; वारसाला भरपाई मिळाली पाहिजे. त्या ड्रायव्हरचा शेवटचा थांबा, कडेला घेतलेली ती गाडी, हाच सगळ्या प्रकरणाचा कणा होता.

पुराव्याच्या कायद्यात एक जुनी तरतूद आहे. १८७२ च्या कायद्यात ती होती, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद न्यायालय विचारात घेतं, पण तेवढ्या एकट्या नोंदीवर कुणावर बोजा टाकत नाही. आणि जो माणूस आता हयात नाही, त्यानं रोजच्या कामाच्या ओघात केलेली नोंदही पुढं येऊ शकते. इथं महत्त्वाचा शब्द आहे तो 'नियमित'. भांडण झाल्यावर एका बैठकीत, एकाच पेनानं, एकाच शाईत लिहून काढलेली वही कुणाचाही विश्वास मिळवत नाही. मग तीत अक्षर कितीही सुंदर असो.

तेव्हा ड्रायव्हर बंधूंनो, माझं ऐकाल तर गाडी उभी केल्यावर खाली उतरायच्या आधी वेळ टिपा. परत सीटवर बसल्यावर, चावी फिरवायच्या आधी दुसरी वेळ टिपा. चालत्या गाडीत लिहू नका, लॉगबुकापायी अपघात नको. जागा लिहा, गावाचं नाव ठाऊक नसेल तर किलोमीटरचा दगड किंवा मीटरवरचा आकडा लिहा. कारण एका शब्दात लिहा, पण खरं लिहा. सात मिनिटांचे पाच करू नका आणि बाराचे पंधराही करू नका. घड्याळ नेहमी शून्य आणि पाचावरच थांबतं, अशी वही बघितली की कुणीही ओळखतो, हे रात्री आठवून लिहिलेलं आहे. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहा, गिरवून काळं करू नका. टोलचा मेसेज पुसू नका, काट्याची चिठ्ठी वहीतच ठेवा. नोंद एकटी असली की अनाथ असते, तिला चिठ्ठीचा आधार द्या.

आणि मालक मंडळींनाही एक सांगतो. लघवीला थांबल्याबद्दल बोलणी खावी लागली, तर पुढच्या खेपेला तो थांबा 'हवा चेक' म्हणून लिहिला जाणार. चहाचे पैसे कापलेत, तर चहा वहीतून जाईल आणि झोप केबिनमध्ये येईल. खरी नोंद हवी असेल तर खऱ्या नोंदीची शिक्षा होता कामा नये. एवढं सोपं आहे ते. तरी पुष्कळांना पटत नाही.

शेवटी पुन्हा आमच्या रस्त्यावर येतो. हंगामात सगळ्यात अवघड नोंद कोणती, विचाराल तर कारखान्याच्या रांगेची. उसाची गाडी तळावर लागते. गव्हाणीपर्यंत पोचायला कधी दोन तास, कधी सगळी रात्र. गाडी उभी असते, इंजिन बंद असतं. पण दर थोड्या वेळानं पुढची गाडी एक हात सरकते, मग ही सरकते. जो सरकला नाही त्याच्या पुढं दुसरा घुसतो. ऊस इकडे वाळत असतो, वजन घटत असतं. अशा वेळी केबिनमध्ये बसलेला माणूस आराम करतोय की काम करतोय? बाहेरून बघणारा म्हणेल, झोपलाय. त्यानं तर बूटही काढलेले नसतात. असल्या रात्रीची नोंद आमच्याकडच्या एका ड्रायव्हरनं मला दाखवली. कारखान्याच्या स्लिपच्या पाठीवरच लिहिलेली होती. वर तारीख, खाली ओळी: '११.२० रांगेत. ११.४८ दोन गाड्या पुढं. १२.३१ एक. १.१० ते १.२२ डोळा लागला. १.२२ मागच्यानं हॉर्न दिला.'